तीन ईस चार

आमच्या केंद्रातले शिक्षक माझ्या पाठीमागे मला 'सुभेदार' म्हणतात. वडील सैन्यात सुभेदार होते हे खरं, पण नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही, माझ्या आवाजावरून पडलंय. माझी स्कूटी एका शाळेच्या फाट्यावर दिसली की पुढच्या शाळेला फोन जातो, हेही मला ठाऊक आहे. मी ते कधी थांबवलं नाही. फोन गेला की निदान फळा तरी पुसलेला मिळतो.

मी राजेश्वरी, केंद्रप्रमुख. माहेर वाळव्याकडचं, उसातलं. शिक्षण सांगलीला झालं आणि नोकरी लागली ती साताऱ्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, जिथं उसाचं कांडं फक्त रसाच्या गाड्यावर दिसतं. अकरा जिल्हा परिषद शाळा माझ्याकडे आहेत. शाळेत जायचं, मुलांना वाचायला आणि मोजायला लावायचं, कुणाला येतं कुणाला नाही ते मोबाईलमध्ये भरायचं, आणि निघताना गुरुजींना चार शब्द ऐकवायचे. यातलं शेवटचं काम नेमणुकीच्या आदेशात नाही, ते मी आपणहून करते.

या अकरांतली शेवटची शाळा पांढरमाळाची. मेंढपाळांची वस्ती, सतरा मुलं, दोन खोल्या, पुढं एक लिंबाचं झाड. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका प्रसूतीच्या रजेवर होत्या, त्यामुळे त्या वर्षी पहिली ते चौथी सगळा कारभार एकट्या आप्पासो गुरुजींकडे होता. ही गोष्ट त्यांची आहे. माझी त्यात फजिती आहे तेवढीच.

आप्पासो गुरुजी रहिमतपूरकडचे. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, खिशाला दोन पेनं आणि एक जाड काळा मार्कर. घरी भावांचा ऊस, पाणी, सगळं व्यवस्थित. बदलीची संधी दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी पांढरमाळच लिहून दिलं. ऑफिसात लोक म्हणायचे, गुरुजींना तिथं काम कमी असेल म्हणून राहिलेत. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. त्यातून त्यांचं बोलणं इतकं सावकाश, की एखाद्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत माझा पुढचा प्रश्न तयार असायचा. बाकीचे शिक्षक महिन्याच्या बैठकीला रंगीत तक्ते आणायचे, अमुक टक्के प्रगत, तमुक टक्के अप्रगत. हे एक शंभरपानी वही आणायचे. तिच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं, 'चुका'. मी ती वही कधी उघडली नाही. "गुरुजी, मला टक्के द्या, चुका काय करू?" असं म्हणून परत करायचे. ते वही पिशवीत घालायचे आणि म्हणायचे, "बरं मॅडम."

दसरा होऊन गेला होता. त्या दिवसांत वस्तीतले कळप पश्चिमेला निघतात, कोरेगाव, कराडच्या बाजूला, जिथं पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी बोलावतात. मेंढरांबरोबर माणसं निघतात आणि माणसांबरोबर पोरं. शाळेचा पट निम्म्यावर येतो. म्हणून त्या आधी तपासणी उरकायची असं ठरवून मी पांढरमाळाला गेले.

शाळेत तिसरीत एक मुलगी नवी होती, स्वप्नाली. आधीची दोन वर्षं ती कळपाबरोबरच फिरली होती. ऑगस्टमध्ये गुरुजींनी घरी चार-पाच खेपा घालून तिला आणली आणि वयाप्रमाणे तिसरीत बसवली. तिचे वडील धनाजी त्या दिवशी शाळेत येऊन लिंबाखाली बसले होते. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, आणि चेहरा असा, की कुणाचा निकाल ऐकायला आलाय.

तो निकालच ऐकायला आला होता. गुरुजींचा आणि त्याचा करार झाला होता. गुरुजींचं म्हणणं, कळप जाऊ दे, पोरगी आजोबांपाशी राहू दे. धनाजीचं म्हणणं, पोरगी शिकत असेल तर ठेवतो, नाहीतर कोकरं सांभाळायला मला माणूस लागतं. मग दोघांनी ठरवलं होतं की मॅडम तपासतील आणि त्या सांगतील ते खरं. मला यातलं गुरुजींनी आल्या आल्या सांगितलंही. पण सांगतच होते तेवढ्यात मी म्हटलं, "कळलं, कळलं, चला."

तपासणी साधी होती. चिंचोक्यांच्या पाच पुड्या. मुलानं पुडी सोडायची, मोजायची, आकडा पाटीवर लिहायचा. मोजताना आवाज करायचा नाही, म्हणजे शेजारचा बिघडत नाही. हा नियम माझाच.

स्वप्नाली फतकल मारून बसली. चिंचोके ती भराभर सरकवत होती, ओठ नुसते हलत होते. पहिली पुडी आठांची, तिनं आठ लिहिले. दुसरी तेरांची, तेरा लिहिले. तिसरी सत्तेचाळिसांची. पाटीवर आलं, २७. चौथीत चौसष्ट होते, तिनं लिहिले ३४. पाचवीत पंचाहत्तर. तिथं तिनं जरा विचार केला आणि शांतपणे लिहिलं, ३१५.

तीनशे पंधरा! माझं डोकंच फिरलं.

"गुरुजी, तिसरीतल्या मुलीला ओंजळभर चिंचोके तीनशे पंधरा वाटतात? काय शिकवलंत दोन महिने?"

"मॅडम, तिला मी आधी वाचायला घेतलं. आकडे लिहायला वीसपर्यंतच आलोय. पण ती मोजताना..."

"वीसपर्यंत! दोन महिन्यांत वीस!" मी दारात होते, आवाज लिंबापर्यंत जात होता, आणि मला ते माहीत होतं. "हिला अजून काहीच येत नाही. स्पष्ट सांगा ना घरच्यांना."

"काहीच म्हणू नका मॅडम," गुरुजी म्हणाले. एवढंच म्हणाले. मी मोबाईल काढला, तिच्या नावापुढं 'अप्रगत' भरलं आणि पाठवून टाकलं.

धनाजी उठला. रागावला नाही, हे मला जास्त लागायला हवं होतं, पण तेव्हा लागलं नाही. "आवं मॅडम, आमाला शाळा नगं आसं न्हाई," तो म्हणाला. "पर डोक्यातच न्हाई तर पोरीला हितं ठिवून तरी काय करायचं? परवा निगायचं हुतं, आता उद्याच सकाळी निगतो. चल गं." स्वप्नालीनं पाटी जागेवर ठेवली, चिंचोके पुड्यांत भरले, पाचही पुड्या पुन्हा बांधल्या आणि बापाच्या मागनं गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मीही निघाले. स्कूटी सुरू केली तर मागचं चाक बसलेलं. बाभळीचा हा एवढा काटा. पंक्चरवाला म्हसवडहून यायचा होता आणि त्याला दोन तास लागणार होते. चरफडत मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. त्या काट्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

कारण त्यामुळं मला पांढरमाळाची शाळा सुटताना बघायला मिळाली. सहा वर्षांत मी एकाही शाळेत सुटेपर्यंत थांबले नव्हते.

घंटा झाली. मुलं पळाली नाहीत, रांगेत उभी राहिली. गुरुजी दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि त्यांनी एक पाय समोरच्या चौकटीला टेकवला, म्हणजे एका वेळी एकच मूल त्यांच्या हाताखालून जाईल. प्रत्येक मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. प्रत्येकाला निराळा. पहिलीतल्या एकाला विचारलं, "कमळातला पहिला आवाज कुठला?" चौथीतल्या मुलीला, "अर्धी भाकरी मोठी का पाव?" उत्तर आलं की पाय खाली, मूल बाहेर. चूक असो, बरोबर असो, पाय खाली होतोच. आणि प्रत्येक वेळी गुरुजी खिशातनं बाटलीचं एक झाकण काढून मागच्या फळीवरच्या तीन डब्यांपैकी एकात टाकत होते. झाकणांवर मार्करनं मुलांची नावं लिहिलेली. मार्कर खिशाला का असतो ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटचं मूल गेल्यावर मी उठून डबे पाहिले. एकावर लिहिलं होतं 'निघाला', दुसऱ्यावर 'वाटेवर', तिसऱ्यावर 'काटा'.

"काटा म्हणजे?"

"म्हणजे कुठंतरी रुतलंय. उद्या सकाळी यातली मुलं माझ्याजवळ बसतात. वाटेवरची एकमेकांजवळ बसतात. निघालेली आपापलं काम करतात आणि मग वाटेवरच्यांना घेतात. दुपारपर्यंत काटा काढायचा. संध्याकाळी परत दारात."

"रोज?"

"रोजच. रोज झाकणं निराळ्या डब्यात पडतात ना. आज भागाकारात अडकलेला उद्या वाचनात निघालेला असतो. म्हणून कुणाला टक्के देता येत नाहीत मॅडम. सकाळी दिले तर संध्याकाळपर्यंत खोटे होतात."

हे कुठं शिकलात, असं मी विचारलं, कारण आमच्या कुठल्या प्रशिक्षणात हे सांगितलं नव्हतं. गुरुजी हसले. इथं आले त्या पहिल्या वर्षी ते सहज संध्याकाळी मेंढवाड्याकडे गेले होते. धनाजीचे वडील, हरिबा, काट्याकुट्यांचं कुंपण घातलेल्या वाड्याच्या अरुंद तोंडाशी बसलेले. मेंढरं एकेक करून आत जात होती आणि हरिबांचा हात प्रत्येकीच्या पाठीवरनं फिरत होता. मधेच एखादी धरायचे, खूर उलटा करायचे, काटा काढायचे, सोडायचे. ओठ हलत होते, म्हणजे मोजणीही चाललेली. गुरुजींनी विचारलं, दिवसभर मेंढरं डोळ्यांपुढं असतात, मग दारात का? हरिबा म्हणाले, "कळपात समदीच चालत्यात गुरुजी. लंगडी कंची त्ये दारात कळतंय."

"मी घरी गेलो आणि झोप लागली नाही," गुरुजी म्हणाले. "सव्वीस वर्षांपैकी पंधरा वर्षं मी वर्गाला शिकवत होतो मॅडम. सगळी चालताहेत असं धरून."

मी इतक्या शाळा पाहिल्या, आणि एका मेंढपाळाकडनं वर्ग शिकलेला माणूस सहा वर्षं माझ्यापुढं वही घेऊन उभा होता नि मी त्याच्याकडे टक्के मागत होते. तिथं खुर्चीत बसून मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. पण स्वभाव कुठं जातो? मी म्हटलंच, "ते सगळं छान. पण त्या मुलीला येत नाही ते नाहीच ना."

गुरुजींनी मूठ उघडली. एक झाकण हातात राहिलं होतं. स्वप्नालीचं.

"हे कुठल्या डब्यात टाकायचं ते मला कळलं नाही अजून," ते म्हणाले आणि त्यांनी 'चुका'ची वही उघडली. मी पहिल्यांदाच ती आतून पाहिली. प्रत्येक मुलाला पानं वाटून दिलेली. मुलानं जे चुकीचं लिहिलं ते जसंच्या तसं, त्याच वळणाने, आणि पुढं मुलाचं उत्तर, 'कसं केलंस?' या प्रश्नाचं. लाल रेघ कुठंही नाही. स्वप्नालीच्या पानावर त्यांनी नुकतंच उतरवलं होतं, सत्तेचाळीस आणि पुढं २७, चौसष्ट आणि ३४, पंचाहत्तर आणि ३१५. कसं केलंस, त्यापुढं मोकळं.

"अंदाजानं ठोकलेल्या चुका अशा नसतात मॅडम. हे बघा, सत्तेचाळिसातला सात जागेवर आहे. चौसष्टातला चार जागेवर आहे. आठ बरोबर, तेरा बरोबर. वीस ओलांडले की काहीतरी होतं. या तिन्ही चुका एका घरातल्या आहेत, बहिणी-बहिणी. पण त्यांचं घर मला सापडत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "तिला विचारायचं राहिलं."

राहिलं नव्हतं, मी विचारू दिलं नव्हतं. ते त्यांनी म्हटलं नाही.

"उद्या दिवस उगवायला मेंढवाड्यावर जाणार आहे मी," ते म्हणाले. "येता?"

मी हो म्हटलं. कबूल करते, चांगल्या मनाने नाही म्हटलं. मोबाईलमध्ये भरलेलं खोटं ठरत नाही, हे मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी वस्तीवर पोचले तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड लादून झालं होतं. भांडी, जाळी, कोंबड्यांची पाटी, आणि वर स्वप्नालीच्या कपड्यांचं बोचकं. धनाजीनं मला पाहून नुसती मान हलवली. गुरुजी आधीच आले होते. हरिबा वाड्याच्या तोंडाशी उकिडवे बसले होते, पायाशी पांढऱ्या खड्यांचा लहानसा ढीग. कळप वाटेला लागण्याआधी एकदा मोजून बाहेर काढायची त्यांची रीत. आणि समोर, दुसऱ्या बाजूला, गुरुजींनी स्वप्नालीला पाटी देऊन बसवलं होतं.

"आजोबांबरोबर तूही मोज," गुरुजी तिला म्हणाले. "मोठ्यानं मोज, मला ऐकू दे. सगळी बाहेर आली की लिही."

हरिबांनी काट्याची फांदी सारली. पहिली मेंढी निघाली, तिच्या पाठीवर हात. दुसरी निघाली. आजोबांचे ओठ हलत होते आणि नातीचा आवाज येत होता. सतरा, अठरा, एकोणीस. विसावी बाहेर पडली तशी ती म्हणाली, "येक ईस," आणि हरिबांनी ढिगातला एक खडा बाजूला ठेवला. मग पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा वीस झाल्या. "दोन ईस." दुसरा खडा. माझं अजून लक्ष नव्हतं, मी मेंढरांची धूळ चुकवत होते. गुरुजींनी मात्र एकदम मान वर केली. "तीन ईस," तिसरा खडा. मग चार मेंढरं सुटी निघाली आणि वाडा रिकामा झाला.

"तीन ईस चार," आजोबा आणि नात एकदमच म्हणाले.

स्वप्नालीनं पाटी मांडीवर घेतली. आधी तीन काढला. शेजारी चार काढला.

चौतीस नव्हते ते. तीन विसा आणि चार होते. चौसष्ट मेंढरं वाड्यातनं निघाली होती आणि त्या पोरीनं एक इकडची तिकडे न करता बरोबर चौसष्ट लिहिली होती.

"पाटीवरचा हा तीन कशाचा गं?" गुरुजींनी विचारलं.

"ईसाचा."

"आणि चार?"

"सुटी."

मला राहवलं नाही. "आणि काल ते तीनशे पंधरा?"

"तीनशे कुठलं?" ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली. "तीन ईस पंधरा."

मी बोटांवर हिशेब केला. साठ आणि पंधरा. एम. ए., बी. एड. झालेल्या बाईला बोटं मोजावी लागली. पंचाहत्तर. पाचही पुड्या तिनं अचूक मोजल्या होत्या. आवाज करायचा नाही असा नियम मी केला नसता, तर कालच सगळ्या वर्गाला ऐकू आलं असतं. मी त्या धुळीत उभी होते आणि मला एकाच वेळी शरमही वाटत होती आणि थक्कही व्हायला होत होतं. तिच्या चुकांचं घर आमच्या पायाखाली होतं, पिढ्यान् पिढ्यांची मोजणी, आणि ती त्या पोरीनं स्वतःच्या अकलेनं आकड्यांत उतरवली होती. कुणी शिकवलं नव्हतं तिला हे.

मला वाटलं, आता गुरुजी तिला सांगतील, हे चूक आणि ते बरोबर. त्यांनी पाटी पुसली नाही. ते हरिबांच्या शेजारी बसले, त्यांनी परवानगी मागून तीन खडे आपल्यापुढं घेतले आणि म्हणाले, "स्वप्नाली, शाळेतले लोक जरा कच्चे असतात. त्यांना ईस एका दमात झेपत नाही. ते दहाला थांबतात आणि दहालाच खडा टाकतात. मग तुझ्या एका ईसाला त्यांचे खडे किती?"

तिनं क्षणभर बघितलं. "दोन."

"टाक बरं."

तिनं ढिगातनं खडे घेतले. प्रत्येक खड्याशेजारी एक ठेवला. तीनाचे सहा झाले. ती खड्यांकडे बघत राहिली, मग लांब निघालेल्या मेंढरांकडे, मग परत खड्यांकडे.

"खडं वाढलं," ती म्हणाली, "पर मेंढरं तेवढीच हायती."

"तेवढीच."

तिनं पाटीवर ३४ च्या खाली स्वतःच लिहिलं, ६४. मग कुणी न सांगता तिनं चिंचोक्यांचं काढलं. तीन ईसांचे सहा खडे. पंधरातले दहा वेगळे करून सातवा. उरले पाच. ७५. एवढं करायला तिला, मी खोटं सांगत नाही, विडा लावायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही. दहा-दहाचे गठ्ठे शिकवायला मी शिक्षकांची तीन दिवसांची शिबिरं घेतलेली आहेत. एवढं उमजताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

गुरुजींनी खिशातनं झाकण काढलं आणि तिच्या हातात दिलं. "तू टाक. कुठल्या डब्यात ते तुला माहीत आहे."

मी धनाजीकडे गेले. काल मी ज्या आवाजात बोलले होते त्याच आवाजात बोलले, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. "धनाजी, काल मी चुकले. तुमच्या मुलीला येत होतं. मला वाचता येत नव्हतं. मोबाईलमध्ये मी भरलंय ते खोडायला मी आजच तालुक्याला पत्र देते."

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो पाटीकडे बघत होता. लेकीच्या हातातनं त्यानं ती घेतली आणि ३४ वर अंगठा टेकवला.

"म्या आसंच ल्हिलं हुतं," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही. हरिबांनी मान वर केली.

"तिसरीत. दुसऱ्या वस्तीवरच्या शाळंत हुतो तवा. खिडकीतनं मेंढरं दिसत हुती, मास्तर म्हनलं मोज. दोन ईस पाच हुती. म्या ल्हिलं तसं. दोन, फुडं पाच." त्यानं उजवा हात उघडून पुढं केला, जसा तेव्हा केला असेल तसा. "छड्या बसल्या. समदी हसली. म्हनलं, डोळ्याम्होरं मेंढरं हायती तरी मोजता येत न्हाई, ढ हाय. दप्तर तिथंच वड्याच्या काठाला टाकलं आन् कळपामागं गेलो. आबा, तुमाला सांगितलं न्हाई कवा." मग तो गुरुजींकडे वळला. चाळिशीचा माणूस, पण विचारताना आवाज लेकीएवढा झाला होता. "मंग म्या चुकलो न्हवतो व्हय, गुरुजी?"

आप्पासो गुरुजींना उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागतो. या वेळी लागला नाही. "मोजण्यात नव्हता चुकला," ते म्हणाले. "कसं केलंस, एवढं तुम्हाला कुणी विचारलं नाही."

पुढं कळप ओढ्याच्या वळणाला लागला होता आणि धनाजीची बायको घोडं धरून हाका मारत होती. तो घोड्यापाशी गेला, वरचं कपड्यांचं बोचकं सोडलं आणि आणून हरिबांच्या शेजारी ठेवलं. काठी उचलली, घोंगडं सारखं केलं आणि निघाला.

दहा पावलं गेला असेल. मग वळला आणि परत आला. लेकीपुढं खाली बसला आणि तोच उजवा हात तिच्यापुढं पसरला.

"हितं ल्ही," तो म्हणाला. "शाळंतलं. किती हायती ती."

गुरुजींनी मार्कर काढून दिला. स्वप्नालीनं बापाचा पंजा डाव्या हातात धरला आणि त्या घट्टे पडलेल्या तळव्यावर जपून आधी सहा काढला, मग चार. धनाजी उठला आणि कळपाच्या वाटेला लागला. ओढ्याच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत त्यानं तो हात मिटला नाही.